पिक्चर बघायला टॉकीजलाच कशाला जायचं?

(गांधीबाग, नागपूर इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय तुमच्यातल्याच एका मुलीनं मला दिला. मागच्या बैठकीनंतर जिन्यात तिनं गाठलं आणि विचारलं, “आपा, दोन महिने थांबलं की सगळं मोबाईलवर येतं. मग टॉकीजला जायचंच कशाला?” मी म्हटलं, पैशाचा प्रश्न आहे का? ती म्हणाली, तोही आहे. मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, “आणि आता तिथं बसायला कसंतरीच वाटतं.”

हे ‘कसंतरीच’ मला चांगलंच कळलं. त्याच्यावर बोलणार आहेच, पण थोडं मागे जाऊन येते.

इथून बाहेर पडून सेंट्रल अव्हेन्यूवर कोणत्याही ऑटोवाल्याला ‘गीतांजली टॉकीज चौक’ म्हणा. काही न विचारता तो नेऊन सोडेल. महालात ‘राजविलास’ म्हणा, बर्डीवर ‘जानकी’ म्हणा, तेच होईल. आपल्या नागपूरचे अर्धे पत्ते टॉकीजनं ठरवलेत. घरी कुणी आजारी पडलं तर डॉक्टरांचा दवाखाना अमक्या टॉकीजच्या मागे, लग्नाची पत्रिका छापायची तर तमक्या टॉकीजच्या समोर. पिक्चर बघणं हराम म्हणणारे आमचे मामूसुद्धा पत्ता सांगताना टॉकीजचंच नाव घ्यायचे.

हलाल-हरामचा फैसला करायला मी इथं उभी नाही. ज्यांना जायचंच नाही, त्यांचा तो हक्क आहे. ज्यांना जावंसं वाटतं आणि तरी पाय मागे येतात, त्यांच्याशी मला बोलायचंय.

१९८२ साली ‘निकाह’ आला, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमच्या गल्लीतल्या नऊ बायका मिळून गेल्या होत्या. त्यातल्या दोन कोष्टी घरातल्या, बाकी आमच्याच. तेव्हा बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी असायची आणि तिथली रांग छोटी. म्हणून मोहल्ल्यातली पोरं अम्मीच्या हातात पैसे कोंबायची, “खाला, आमचीपण दोन काढा ना!” अम्मी आधी शिव्या द्यायची, मग तिकिटं काढायची. आत दिवे गेले की बुरख्याचा नकाब वर जायचा. इंटरवलला दिवे आले की पुन्हा खाली.

आमच्यात एक बाई होत्या. नवऱ्यानं तीन शब्दांत घराबाहेर काढलेल्या. भावाकडे राहायच्या, विड्या वळायच्या. त्या विषयावर कधी कुणाशी एक शब्द बोलायच्या नाहीत. पिक्चरच्या शेवटी सलमा आगा दोन्ही पुरुषांना सुनावते, मी काय वस्तू आहे का, तुम्ही एकमेकांना देऊन टाकायला! त्या वेळी या बाईंचा हुंदका आमच्या रांगेच्याही पलीकडे ऐकू गेला. पुढच्या रांगेतली एक अनोळखी बाई मागे वळली आणि काही न बोलता तिनं आपला रुमाल पुढे केला. परतताना सायकलरिक्षात त्या बोलायला लागल्या, ते घर येईपर्यंत थांबल्याच नाहीत. मेहरचे पैसे, मुलाचा ताबा, सासू, सगळं. अम्मी नुसती ऐकत होती. दुसऱ्या दिवशी अम्मीनं त्यांच्या भावाला बोलावून घेतलं. पुढं काय झालं ती वेगळी आणि लांब गोष्ट आहे.

हेच पिक्चर त्यांनी घरी भावाच्या कुटुंबात बसून टीव्हीवर बघितलं असतं, तर? मला नाही वाटत तो हुंदका बाहेर पडला असता. घरात तो कुणाला तरी उद्देशून झाला असता. टॉकीजच्या अंधारात तो कुणालाच उद्देशून नव्हता, आणि तरीही एकीनं ऐकला.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. खुर्चीत ढेकूण असायचे. संडासात पाय ठेववत नसे. गर्दीत पोरं धक्के मारायची, म्हणून अम्मी हातात सेफ्टी पिन ठेवायची. ब्लॅकवाला डोळ्यांसमोर दुप्पट भाव लावायचा आणि हवालदार त्याच्याकडूनच पान खायचा. आजचं मल्टिप्लेक्स मुलींसाठी कितीतरी बरं, हे मान्य करायलाच हवं.

पण महाग आहे. माझे दादा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल. आज त्याच जागेवर मॉल उभा आहे. दादांनी जिथं उभं राहून पाळ्या केल्या, तिथं मी सरकत्या जिन्यानं वर जाते. पाच माणसांचं घर, २२० रुपये तिकीट, म्हणजे १,१०० रुपये. वर पॉपकॉर्न. गांधीबागेतल्या कापड दुकानात थान उलगडणाऱ्या माणसानं हे महिन्यातून एकदासुद्धा कुठून करायचं? सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्याच्या वरच्या तिकिटावर १८ टक्केच राहिला. म्हणून माझं सांगणं साधं आहे, आठवड्यातला सकाळचा शो बघा, तिकीट स्वस्त असतं. घरून खाऊन निघा. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं, हेही त्याच निकालात आहे. लहान बाळाचं खाणंही नेता येतं. तेव्हा पाण्याच्या बाटलीला पैसे मोजण्याआधी नळ कुठं आहे ते विचारा. विचारायला लाजू नका.

आता ते ‘कसंतरीच’.

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा मुलगा गेलो. मुलगा नको म्हणत होता. मी म्हटलं, मी महाराष्ट्रात जन्मले, चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकले, पुढं मुलांना शिकवला. संभाजी महाराजांवरचं पिक्चर मी का नाही बघायचं? गेलो. शेवटचा अर्धा तास अवघड आहे. ज्या रीतीनं त्यांना हाल करून मारलं, ते बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. माझ्या शेजारी एक बाई पोराला कुशीत धरून रडत होत्या. तिथपर्यंत आम्ही दोघी एकच होतो.

मग दिवे लागले. मागून घोषणा सुरू झाल्या. पहिली घोषणा महाराजांची होती, तिचं मला काहीच वाटलं नाही. नंतरच्या घोषणा महाराजांच्या नव्हत्या. माझ्या डोक्यावर ओढणी होती. दोन-तीन पोरांनी आमच्याकडे बघितलं, मग मुद्दाम आवाज वाढवला. माझ्या मुलानं माझा हात धरला. कितीतरी वर्षांनी धरला होता. शेजारच्या बाई उठल्या, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “चला ताई, आपण या दारानं जाऊ.” आम्ही त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडलो. एवढंच. कुणी हात लावला नाही. पण मुलगा घरापर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत टॉकीजला आला नाही.

१७ मार्चला काय झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको. महालात सुरू झालं, हंसापुरीपर्यंत आलं. आपल्या भागात कर्फ्यू लागला. रमजान चालू होता, ईद दोन आठवड्यांवर. गांधीबागेच्या कापड बाजाराची वर्षाची कमाई ज्या दिवसांत होते, त्याच दिवसांत शटर खाली. यात हिंदू दुकानदाराचंही नुकसान झालं आणि त्याच्याकडे माप घेणाऱ्या आपल्या पोराचंही. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग बाहेर येतो आहे. त्याआधी मे २०२३ मध्ये अकोल्यात ‘द केरला स्टोरी’वरच्या एका पोस्टवरून दंगल झाली होती. म्हणजे पिक्चर ही आता नुसती करमणूक राहिलेली नाही. माझा मुलगा म्हणतो, “अम्मी, मोबाईल माझं नाव विचारत नाही.” यावर माझ्याकडे झटकन द्यायला उत्तर नाही. त्याची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही.

पण शिक्षिका म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या महिन्यात शाळेत, गल्लीत, नातेवाइकांत जे सगळ्यात जास्त तापलेले होते, दोन्हीकडचे, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पिक्चर पूर्ण बघितलंच नव्हतं. त्यांनी चाळीस सेकंदांचा रील बघितला होता. पूर्ण पिक्चर १६१ मिनिटांचं आहे. औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता, १६८१ साली. तो त्या पिक्चरमध्ये आहे. रीलमध्ये नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होते, हे ना पिक्चर सांगत, ना रील. ते आपल्याला सांगावं लागतं. पण सांगणार कधी? तुम्ही पूर्ण बघितलं असेल तर. नाहीतर समोरचा म्हणणारच, “तू बघितलंस का?”

म्हणून मी मोबाईलवर विसंबत नाही. मोबाईल नाव विचारत नाही, हे खरं. पण तो तुम्हाला काय दाखवायचं ते ठरवतो, आणि शेजारच्या बाईंना काय दाखवतो ते तुम्हाला कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. आपण नेहमी म्हणतो, आम्हाला पडद्यावर एकतर दहशतवादी करतात, नाहीतर कव्वाल. बरोबर आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नीरज घायवान यांचं ‘होमबाउंड’ आलं. शोएब आणि चंदन, एक मुसलमान, एक दलित, दोघांची दोस्ती, लॉकडाऊनमध्ये गावाकडे निघालेले. भारताकडून ऑस्करला गेलेलं पिक्चर. मी गेले त्या शोला आम्ही सतरा जण होतो. मोजले मी. पुढच्या आठवड्यात शोच नव्हता. पहिल्या तीन दिवसांत तिकिटं किती खपली, यावर पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. मल्टिप्लेक्सवाल्याला तुमची कौम कळत नाही, रिकाम्या खुर्च्या कळतात. नंतर ते नेटफ्लिक्सवर आलं तेव्हा आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी रडके इमोजी टाकले. त्या इमोजींना तिकीट लागत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्येच, ‘छावा’नंतर दोन आठवड्यांनी, ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आलं होतं. तुमच्यापैकी किती जणांनी ते टॉकीजमध्ये बघितलं? हात वर करा. ... चार. मालेगावच्या नासिर शेख यांची ती गोष्ट. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस, यंत्रमागांच्या गावात ‘मालेगाव के शोले’ बनवतो. ट्रॉली नाही तर सायकल, क्रेन नाही तर बैलगाडी. शफीक शेख हा मागावरचा किडकिडीत कामगार त्यांच्या पिक्चरमध्ये सुपरमॅन झाला, आणि पुढे कॅन्सरनं गेला. फैझा अहमद खान यांची त्यावर डॉक्युमेंटरी आहे, तीही बघा. मालेगावनं आपल्याला कुणी दाखवावं याची वाट पाहिली नाही. आपण नागपूरवाले निदान तिकीट तरी काढू शकतो. ‘झुंड’ तर आपल्याच शहरात, आपल्याच झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन नागराज मंजुळेंनी केलं. त्यात रिंकू राजगुरूचा आदिवासी बाप मुलीच्या पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा शोधत दारोदार फिरतो. माझ्या मागे बसलेला एक दाढीवाला म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “हे तर माझंच चाललंय!” सगळं थिएटर हसलं, आणि मग एकदम गप्प झालं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘हक’ आला. शाहबानो प्रकरणावर बेतलेला. आमच्या गल्लीतल्या सात जणी गेलो. एकीच्या नवऱ्यानं आधी नकार दिला, मग स्वतःच सोबत आला आणि तिकिटाचे पैसेही दिले. एकीला तिच्या भावानं नाही म्हणजे नाहीच सोडलं. पिक्चरमध्ये काही गोष्टी फार सोप्या केल्यात, वकिलाची बाजू उथळ आहे, असं मला वाटलं. ते आम्ही नंतर चहाच्या टपरीवर तासभर भांडून ठरवलं. दोघी म्हणाल्या, यामुळे पुन्हा आपल्यालाच नावं ठेवतील. एक म्हणाली, ठेवू देत, पण पोटगीचं काय ते बोला. भांडण मिटलं नाही. पुढच्या गुरुवारी ते माझ्या घरी पुन्हा सुरू झालं, आणि जिला भावानं सोडलं नव्हतं ती त्या दिवशी आली.

तर मी काही कुणाला शूर व्हा म्हणत नाही. एकट्यानं, रात्रीच्या शोला, तापलेल्या पिक्चरच्या पहिल्या दिवशी जाऊ नका. गटानं जा, सकाळी जा. कुणी काही बोललं तर उत्तर देऊ नका, दुसऱ्या दारानं निघा. मॅनेजरला सांगा, गरज वाटली तर ११२ लावा. तरीही जा. कारण त्या हॉलमधून आपण उठून गेलो, तर उरलेल्यांना आपण फक्त पडद्यावरच दिसू. शेजारच्या बाईंना माझी ओढणी दिसली, माझं रडणंही दिसलं, म्हणून तर त्या म्हणाल्या, या दारानं जाऊ.

आता कामाचं. येत्या रविवारी सकाळचा शो. अग्रसेन चौक मेट्रो स्टेशनच्या खाली साडेनऊला जमायचं. मुलींचे पैसे मी गोळा करते, मुलांनी आपल्यातला एक जण ठरवा. ज्याला खरंच परवडत नाही, त्यानं मला एकट्याला गाठून सांगावं, दोन तिकिटं जादा काढून ठेवलेली आहेत. कोणतं पिक्चर ते शुक्रवारी ग्रुपवर हात वर करून ठरवू. माझ्या मुलालाही विचारलंय. अजून हो म्हणाला नाही, पण साडेनऊ की दहा, एवढं मात्र त्यानं विचारलं.