तुळशीवृंदावनाची सावली

प्रश्न विचारण्याची हौस ज्याला जडली, त्याला एक तोटा फार उशिरा उमगतो. उत्तरे आपल्यापाशी लिहिलेली असतात, म्हणून ती आपल्याला येतात अशी त्याची समजूत होऊन बसते. माझीही तशी झाली होती. ती कशी सुटली, ते आज सांगावयाचे आहे.

हैदराबादेतील आमच्या मराठी मंडळींत महिन्यातून एका रविवारी मुलामाणसांनी एकत्र जमावे, चहा-चिवडा व्हावा आणि मग दोन पक्ष पाडून विज्ञानाचे प्रश्न विचारावेत, असा एक परिपाठ कित्येक वर्षे चालत असे. पदार्थविज्ञान आणि खगोल हे दोन विषय माझ्याकडे. बक्षीस म्हणजे एखादे पेन. पण त्यासाठी आजोबा नातवाशी भांडत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

प्रश्न शक्यतो गावातलेच असावेत, असा माझा आग्रह होता. गोवळकोंड्याच्या दारातील घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारच्या बारादरीत ऐकू येते, हे इथले शेंबडे पोरही पाहुण्यांना दाखवते. मी विचारीत असे, हे अंतर किलोमीटरभर धरले तर टाळी वर पोहोचायला किती वेळ लागेल? ‘लगेच’ असे बहुतेक सांगत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. तेव्हा जवळजवळ तीन सेकंद. खालच्या माणसाने हात खाली घेतलेले असतात, तेव्हा वरच्याला त्याची टाळी ऐकू येते. दुसरा प्रश्न असा, की थंडीत सूर्य आपल्यापासून लांब असतो काय? हात वर करून ‘होय’ म्हणणाऱ्यांत चांगले पदवीधर असत. वस्तुतः जानेवारीच्या आरंभी तो सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरांवर असतो, आणि जुलैच्या आरंभी सर्वांत दूर, १५ कोटी २० लाखांवर.

आकाशात एका वेळी नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात, हाही आवडता प्रश्न. कोणी लाख म्हणे, कोणी कोटी. अगदी काळोख्या, निरभ्र रात्रीसुद्धा दोन-तीन हजारांपलीकडे मजल जात नाही. हे सांगितले की मंडळी हिरमुसत. म्हणून लगेच बेगमपेठेची गोष्ट सांगावी लागे. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने १९०१ मध्ये इथे वेधशाळेचा पाया घातला. त्यांच्यामागे ती निजाम सरकारकडे आली, आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आकाशाचे तुकडे पाडून साऱ्या जगातील वेधशाळांनी ताऱ्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांची स्थाने मोजावीत, असा एक प्रचंड उद्योग त्या काळी चालू होता. त्यातला दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा मुळात चिलीतील सँतियागो वेधशाळेला दिलेला होता; तो पुढे आपल्या निजामिया वेधशाळेच्या वाट्याला आला. पोकॉक आणि त्यांच्यानंतर भास्करन यांच्या देखरेखीखाली चाललेल्या या कामातून साडेसात लाखांहून अधिक तारे मोजले गेले. डोळ्याला तीन हजार, काचेच्या पट्टीला साडेसात लाख! याच वेधशाळेच्या आवारात तिथल्या एका सहायकाचा मुलगा वाढला आणि निजाम कॉलेजात शिकला. १९४९ मध्ये हार्वर्डला असताना त्याने एक धूमकेतू शोधला, आणि त्या धूमकेतूच्या नावात बॉक व न्यूकर्क यांच्याबरोबर त्याचेही नाव आले. ते वेणू बापू. हा प्रश्न मात्र आमच्यात कोणी चुकत नसे.

असो. मूळ गोष्टीकडे येतो. त्याला आता पस्तीसएक वर्षे होतील. जूनचा शेवटचा रविवार, बाहेर आभाळ भरून आलेले. दोन्ही पक्ष बरोबरीत, आणि शेवटचा प्रश्न मी एका इंग्रजी पुस्तकातून घेतला होता: उत्तर गोलार्धात भर माध्यान्ही सावली कोणत्या दिशेला पडते? पुस्तकातले उत्तर होते, उत्तरेला. समोरच्या बाकावरील दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “काका, दक्षिणेला.”

मी हसलो. मंडळीही हसली. मी तिला पुन्हा विचार करायला सांगितले. ती म्हणाली, “आमच्या तुळशीवृंदावनाची सावली दुपारी विहिरीकडे जाते. विहीर दक्षिणेला आहे.” मी म्हणालो, बाळ, अंगणाच्या दिशा नीट पाहा. गुण दुसऱ्या पक्षाला गेला आणि पेनही गेले. ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात तिचे वडील एकटेच आले.

तेवढ्यात मी शहाणा झालो होतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी ऊन पडले होते, आणि का कोण जाणे, मी गच्चीवर मीटरभर लांबीची काठी ओळंब्याने उभी केली. उत्तर दिशा आदल्या रात्री ढगांच्या फटीतून ध्रुवावरून धरून ठेवली होती. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो. हात लांब करून धरलेल्या वितीपेक्षा थोडा खालीच. १२ वाजून २१ मिनिटांनी काठीची सावली सर्वांत आखूड झाली. आठ सेंटीमीटरांची असेल. आणि ती दक्षिणेला होती.

कारण अगदी साधे आहे, म्हणूनच लाज वाटली. हैदराबाद सव्वासतरा अंशांच्या किंचित वर आहे. सूर्य २१ जूनच्या सुमारास साडेतेवीस अंशांपर्यंत उत्तरेला चढतो. अर्थात जाताना आणि येताना, ९ मे आणि ३ ऑगस्टच्या आसपास, तो आपल्या खस्वस्तिकाला, म्हणजे नेमका डोक्यावर येतो आणि त्या क्षणी उभ्या काठीला सावलीच उरत नाही. या दोन दिवसांच्या मधले जवळजवळ तीन महिने माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पुस्तक लिहिणारा लंडनचा. त्याच्या अंगणात सावली कधीच दक्षिणेला जात नाही. दिल्लीच्याही नाही. त्याचे उत्तर त्याच्यापुरते खरे होते. खोटे मी ठरवले, तेही ढगाळ दिवशी, खिडकीतून बाहेर न डोकावता.

पेन घेऊन मी काचीगुड्याला त्यांच्या घरी गेलो. दार आजीने उघडले. मी सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अहो, ती तर त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, आजी, आपलं वृंदावनच वाकडं बांधलंय.” हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. पोरीने रोज डोळ्यांनी पाहिलेले टाकून दिले होते, माझ्या शब्दाखातर.

मी अंगणात तिच्या हाती खडू दिला. वृंदावन सरळच होते. त्या वर्षी ३ ऑगस्टला पावसाने काही दिसू दिले नाही, म्हणून पुढच्या मे महिन्याची वाट पाहिली. ९ तारखेला १२ वाजून १२ मिनिटांनी वृंदावनाच्या पायथ्याशी ऊन चहूकडून सारखे लागले. तिने खडूने एक गोल काढला आणि विचारले, “मग इंदूरच्या मामाकडे?” मी नकाशा पाहून सांगितले, जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्यांना कळव. घड्याळाबद्दल मात्र मी मुद्दाम काही बोललो नाही.

मामाचे पोस्टकार्ड तिने पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचले. त्यात लिहिले होते, की काठीची सावली हरवली खरी, पण १२ वाजून २५ मिनिटांनी; तेव्हा माझे घड्याळ तेरा मिनिटे पुढे आहे, की तुमच्याकडचा सूर्य लवकर येतो, हे काकांना विचार. तिने मला विचारले नाही. कार्ड खाली ठेवून ती दुसऱ्या पक्षाकडे वळली आणि म्हणाली, “सांगा.”