फूल, फांदी आणि मोकळी जागा



जपानी पुष्परचनेवर बोलायचं म्हटलं की आमच्या भागातले लोक आधी हसतात. आमचं मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेजवळचं. बाजारात कानडी आणि मराठी दोन्ही कानांवर पडतात. पाऊस बेभरवशाचा, पीक ज्वारी-तुरीचं. “इथं पाण्याची मारामार, आणि तुम्ही फुलं कसली मांडायला सांगता?” असं लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की ही कला फुलांची चंगळ असणाऱ्यांची नाहीच. एक फांदी, दोन फुलं आणि ओंजळभर पाणी यांवर तिचं भागतं.

तिचं नाव इकेबाना. ‘इकेरु’ म्हणजे जिवंत ठेवणं आणि ‘हाना’ म्हणजे फूल. तिला ‘कादो’, म्हणजे फुलांचा मार्ग, असंही म्हणतात. या मार्गाचा उगम शोधत गेलं तर पाऊल आपल्याच अंगणात पडतं. बुद्धापुढे फूल वाहण्याचा प्रघात भारतातून चीनमध्ये, तिथून कोरियामार्गे सहाव्या शतकात बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. त्याच्या हातात निळं कमळ आहे. जपानात क्योतो शहरी रोक्काकुदो नावाचं षट्‌कोनी मंदिर आहे. तिथले पुजारी तळ्याकाठच्या झोपडीत राहत, म्हणून त्यांच्या परंपरेचं नाव पडलं इकेनोबो. त्यांतल्या सेन्केई नावाच्या पुजाऱ्यानं १४६२ साली केलेल्या पुष्परचनेची वाहवा एका समकालीन रोजनिशीत नोंदलेली आहे. ही परंपरा आजही चालू आहे.

मूळ एक असूनही दोन्हीकडच्या वाटा पुढे फुटल्या. आपण फूल देठापासून खुडतो. हार, गजरा, वेणी यांत देठाला काम नाही. फुलं शेजारी शेजारी दाटून बसवायची आणि दोरा दिसू द्यायचा नाही, यातच माळ्याचं कसब. जपानी माणसानं देठ ठेवला, फांदी ठेवली. फांदी कुठल्या बाजूनं ऊन शोधत वाढली, कुठं वाऱ्यानं वाकली, हे त्याला दाखवायचं असतं. आणि ते दिसायचं तर भोवती मोकळी जागा हवी. ती रिकामी जागाही रचनेचाच भाग. मळ्याच्या बांधावरची एकटी बाभूळ लांबून पाहिली आहे ना तुम्ही? तीच दाट रानात असती तर दिसली असती का?

पहिली मोठी शैली ‘रिक्का’, म्हणजे उभी फुलं. पाइनची किंवा दुसऱ्या झाडाची फांदी मधोमध, तिच्याभोवती ठरलेल्या जागी इतर फांद्या. साऱ्या मिळून डोंगर, दरी, धबधबा यांचा देखावा. यात मेरुपर्वताची कल्पना आहे असं मानतात. देवळांत आणि सरदारांच्या वाड्यांत ती शोभली. मला स्वतःला तिच्यात थाट जास्त वाटतो.

माझं मन रमतं ते सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्यापाशी. त्याचा काळ १५२२ ते १५९१. त्याची एक आख्यायिका जपानात प्रसिद्ध आहे. त्याच्या बागेत गारवेलीच्या जातीची, सकाळी उमलून दुपारी मिटणारी फुलं बहरली होती. त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी ती पाहायला सकाळी आला, तर बागेत एकही फूल नाही! सगळी कापून टाकलेली. रागावून तो चहाच्या खोलीत शिरला. तिथं कोनाड्यात एकच फूल ठेवलं होतं. बागेतली सगळी फुलं कापणं मला काही पटत नाही. पण शेकड्यात न दिसणारं फूल एकट्यानं दिसतं, हे त्यानं राज्यकर्त्यालाही शिकवलं. चहाच्या खोलीतली ही साधी मांडणी म्हणजे ‘चाबाना’. शेतात उगवल्यासारखं फूल बांबूच्या नळीत नाहीतर टोपलीत ठेवायचं, एवढंच.

पुढे अठराव्या शतकात ‘सेइका’ ही शैली लोकप्रिय झाली. तिच्यात तीनच मुख्य रेषा. उंच ती स्वर्ग, ठेंगणी ती पृथ्वी आणि मधली माणूस. तिन्ही देठ पाण्यातून एकाच बुंध्यासारखे वर यावेत, असा दंडक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी आखूड देठांची फुलं जपानात आली, तेव्हा ओहारा उन्शिन यानं पसरट ताटात फुलं मांडण्याची ‘मोरिबाना’ शैली काढली. १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यानं सोगेत्सु पंथ काढला. त्यात फुलांच्या जोडीला लोखंड, दगड, वाळकं लाकूडही चालतं. पंथ वाढले तसे वंशपरंपरागत प्रमुख, पायऱ्या, प्रमाणपत्रं, त्यांची फी असा पसारा झाला. कला कुठलीही असो, गादी आली की पावती येतेच!

आणखी एक गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. आपण पूजेला कोमेजलेलं फूल घेत नाही. वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य. इकेबानात मात्र पूर्ण फुललेलं फूल किंवा सुकलं पान हा भूतकाळ, अर्धं उमललेलं तो वर्तमान आणि कळी हा भविष्यकाळ असं धरतात. किडीनं खाल्लेलं पानही शोभेल तिथं राहू देतात.

आपल्याकडे देठासकट मांडणी मुळीच नाही असं मात्र समजू नका. पाडव्याची गुढी पाहा: उभी काठी, तिला लिंबाचा डहाळा. जपानातही नववर्षाला दारात पाइन आणि बांबू उभे करतात. घटावरची आंब्याची पानं, संक्रांतीच्या सुगडातले हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, ज्वारीची कणसं, वेळ अमावास्येला शेतात उभारलेली कडब्याची कोप, या सगळ्यांत ऋतू तोच बोलतो. आपण ते देवाचं म्हणून करतो. नजरेसाठी म्हणून पुन्हा पाहत नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता तुमच्याशी. स्नेहसंमेलनाला सोलापुराहून हारतुरे आणायचे, नाहीतर प्लॅस्टिकची फुलं टेबलावर ठेवायची, असं अनेक शाळांत चालतं. मुलांच्या मनावर ठसतं काय? की सुंदर वस्तू दुसरीकडून येते, आपल्या माळावर काही नाही. मला सलते ती हीच गोष्ट. तरवडाची पिवळी फुलं, बोरीची काटेरी फांदी, चैत्रातली लिंबाची तांबूस पालवी हे मुलांनी चित्रकलेच्या तासाला हाताळावं.

कृती सोपी आहे. कुंभाराकडचं पसरट परळ घ्या. रुंदी १२ इंच आणि उंची ४ इंच असेल तर बेरीज १६. तिच्या दीडपट, म्हणजे २४ इंचांची पहिली फांदी. दुसरी तिच्या पाऊणपट, १८ इंच. तिसरी दुसरीच्या पाऊणपट, साडेतेरा इंच. पहिली जवळजवळ सरळ, दुसरी निम्मी कललेली, तिसरी चांगलीच आडवी. ही सोगेत्सुची पहिली इयत्ता. गणिताचा तासही होऊन जाईल. फांद्या रोवायला जपानी लोक जड शिशाची, पितळी टोकदार खिळ्यांची तबकडी वापरतात. तिचं नाव ‘केन्झान’, म्हणजे तलवारींचा डोंगर. ती नसली तर अडत नाही. रिक्कात भाताच्या काडांची घट्ट जुडी वापरत. आपल्याकडे कडब्याचे तुकडे सुतळीनं आवळून पाहा. उंच भांडं असेल तर तोंडात फांदीचं बेचकं अडकवा.

देठ कापताना टोक पाण्यात बुडवून कापा, म्हणजे आत हवा शिरत नाही आणि देठ पाणी ओढतो. आपल्या उन्हाळ्यात पाणी रोज बदला आणि टोक बोटभर पुन्हा कापा. काढलेलं पाणी अंगणातल्या तुळशीला घाला. ज्वारीच्या वाळल्या कणसाला मात्र पाणीही लागत नाही.