घरचें सांडपाणी : कोणती योजना निवडावी?



गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांव बांध येथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधविला, असें परंपरा सांगते. हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी तेथें उतरतात. १९७५ सालीं भोंवतालच्या अरण्याचें राष्ट्रीय उद्यान झालें. अशा गांवीं घर बांधणारानें आपलें घाण पाणी अखेर कोठें जाणार, हा विचार भिंतींच्या रंगाआधीं केला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. सेप्टिक टांकींतून बाहेर पडणारें पाणी शुद्ध असतें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. टांकींत जड मळ तळाशीं बसतो, स्निग्ध पदार्थ वर तरंगतात आणि हवेवांचून जगणारे जंतु गाळाचा कांहीं भाग पचवितात. मधलें पाणी निवळलेलें दिसलें तरी रोगजंतु त्यांत असतातच. म्हणून खरा प्रश्न टांकीच्या पुढचा आहे.

पहिली योजना दोन शोषखड्ड्यांची. हींत टांकीच लागत नाहीं. एक खड्डा भरला कीं शौचकूपाचें पाणी दुसऱ्यांत सोडावें. पहिल्यास दोन वर्षें विश्रांति दिली म्हणजे त्यांत निर्गंध खत तयार होतें. न्हाणीचें व स्वयंपाकघराचें पाणी मात्र त्यांत सोडूं नये. खर्च थोडा, परंतु खड्ड्याचा तळ भूजलाच्या पावसाळी पातळीपेक्षां दोन मीटर तरी उंच हवा.

दुसरी योजना टांकी व पुढें शोषखड्डा. येथें शुद्धीकरणाचें काम माती करते. म्हणून भूजलाची अट येथेंही लागू आहे. शिवाय खड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर तरी दूर असावा. धानाच्या चिकण जमिनींत पाणी मुरत नाहीं. पावसाळ्यांत तें अंगणांत वर येतें.

जेथें माती शोषीत नाहीं किंवा भूजल उथळ आहे, तेथें तिसरी योजना बरी. टांकीचें पाणी खडीच्या गाळणींतून, अथवा तळास अस्तर केलेल्या व कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यांतून न्यावें आणि मग झाडांस द्यावें. कच्च्या खाण्याच्या भाज्यांस मात्र देऊं नये. यास जागा व उतार लागतो. हवा फुंकणारीं विजेचीं यंत्रेंही मिळतात. पण वीज वरचेवर जात असेल आणि देखरेखीस जाणता माणूस नसेल, तर त्यांच्या वाटेस न जाणेंच शहाणपणाचें.

मग निवड कशी करावी? भाद्रपदांत शेजारच्या विहिरीचें पाणी किती वर येतें तें पाहावें. त्याच सुमारास जागेवर खड्डा खणून, माती भिजेपर्यंत पाणी घालून, पुढें भरलेलें पाणी किती वेळांत उतरतें हें मोजावें. एवढ्यावरून निम्मा निर्णय होतो.

आणखी एक गोष्ट. टांकींतील गाळ दर दोन-तीन वर्षांनीं काढावा लागतो. आंतील विषारी वायूनें माणूस क्षणांत मरतो. अशा कामास संरक्षणावांचून माणूस उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. म्हणून उपसा करणारी गाडी पोंचेल अशाच ठिकाणीं टांकी बांधावी, आणि तो गाळ कोणत्याही नाल्यांत वा बोडींत पडणार नाहीं याची खात्री करून घ्यावी.

तलाव बांधणाऱ्यांनीं पाणी अडवून आपणांस दिलें; तें निर्मळ राखणें एवढेंच आपल्याकडे उरलें आहे.