मनगटावर २०० दिसतंय, पण श्वास मिळेल का?

देहूतून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच मागून टाळांचा आवाज आला तर तो साउंड इफेक्ट समजू नका.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मालवणला स्कूबा केलंय. तो फोटोही प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे: तोंडात रेग्युलेटर, बोटांनी ओकेची खूण, बाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे. आता मला सांगा, फोटो काढला तेव्हा तुमच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली होती? नाही माहीत ना? कारण ते बघायचं काम तुम्हाला मागून धरून पोहणाऱ्या गाइडचं होतं. पण उद्या तुम्ही कोर्स केलात, स्वतःच्या जिवावर १८ मीटर खाली जायला लागलात, की ते काम तुमचं.

हे काम आजवर करत आलंय एक साधं डायल. रेग्युलेटरचा जो भाग सिलिंडरवर बसतो त्याला फर्स्ट स्टेज म्हणतात. तिथून एक जाड नळी निघते आणि तिच्या टोकाला काट्याचं प्रेशर गेज असतं. २०० बार म्हणजे सिलिंडर फुल. ५० बार हातात ठेवून वर यायचं, हा सगळीकडचा नियम.

आता त्या नळीच्या जागी अंगठ्याएवढा ट्रान्समीटर आलाय. तो फर्स्ट स्टेजमध्येच फिरवून बसवायचा आणि आकडा थेट मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर बघायचा. चाकण पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे समजवायला नकोच. गाडीच्या टायरमध्ये सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर प्रेशर दिसतं, तीच कल्पना. फरक एवढाच, की टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असतात आणि इथे पाठीवर २००. जवळजवळ नव्वद पट!

मग तुम्ही म्हणाल, ब्लूटूथने जोडलं असेल. तर नाही. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर आणि ही लहर पाणी काही सेंटिमीटरमध्येच गिळून टाकतं. फोन बादलीत बुडवला की इयरबड्स गप्प होतात, ते त्यामुळेच. (प्रयोग करू नका, बिल मला पाठवाल!) म्हणून बहुतेक ट्रान्समीटर खूप खालची फ्रीक्वेन्सी वापरतात, सुमारे ३८ किलोहर्ट्झ. ती पाण्यातून जाते, पण जेमतेम एक-दीड मीटर. आपल्या मनगटापर्यंत तेवढं पुरतं. गार्मिनने वेगळा रस्ता धरला. त्यांचा ट्रान्समीटर डॉल्फिनसारखा आवाजाच्या लहरी सोडतो. त्या साधारण १० मीटरपर्यंत पोचतात, त्यामुळे सोबतच्या डायव्हरची हवाही आपल्या घड्याळावर दिसू शकते.

याचा खरा फायदा आकडा दिसण्यात नाही, हिशोबात आहे. समजा, तुम्ही जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेता. १० मीटर खाली पाण्याचा दाब धरून एकूण दाब दुप्पट होतो, म्हणजे तीच छाती भरायला ४० लिटर लागतात. १८ मीटरवर ५६. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा. २०० पासून ५० बारपर्यंत वापरायला मिळते सुमारे १,६६५ लिटर. म्हणजे १० मीटरवर ४० मिनिटं आणि १८ मीटरवर अर्धा तासही नाही. तुम्ही घाबरून भराभर श्वास घेतलात तर आणखी कमी. कॉम्प्युटर हे गणित तुमच्या आत्ताच्या श्वासांवरून करतो आणि सांगतो, एवढी मिनिटं उरली. काट्याचं गेज हे कधीच सांगणार नाही.

हे सगळं वाचून मी इतका खूश झालो, की पैसे साठवून तसा कॉम्प्युटर घेतला आणि मालवणला गेलो. बोटीवर चढलो, व्हॉल्व्ह उघडलेला होता, मनगटावर आकडा: २०१. मी बडीला म्हटलं, "फुल आहे, चल." मास्क लावून कडेवर बसलोसुद्धा.

आमच्याबरोबरचे दादा मालवणचेच. त्यांच्या सवयीने त्यांनी माझ्या रेग्युलेटरवर साधं काट्याचं गेजही लावून ठेवलं होतं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "आकडो बघू नको रे, श्वास घे आणि काटो बघ."

मी श्वास घेतला. काटा झपकन खाली. सोडला, परत वर. पुन्हा घेतला, पुन्हा खाली. मनगटावर मात्र २०१ च्या आसपास, शांत.

दादांनी माझ्या मागे हात घातला आणि व्हॉल्व्ह फिरवला. तो जेमतेम पाव फेरा उघडा होता. घाईत कुणीतरी उलटा फिरवून बंद केला असणार आणि मग थोडासा परत उघडला असणार. त्या फटीतून दोन श्वासांच्या मधल्या वेळात दाब भरून येतो. माझा ट्रान्समीटर दर पाचेक सेकंदांनी एकदा दाब पाठवतो. श्वासागणिक होणारी ती उडी त्याच्या हातातून निसटली. बोटीवर त्या फटीतून श्वास पुरला. पण १८ मीटरवर प्रत्येक श्वासाला जवळजवळ तिप्पट हवा लागते. तिथे ती फट पुरली नसती. आकडा फुल आणि छातीत हवा नाही, अशी गत झाली असती.

यात यंत्राची चूक नव्हती. सिलिंडरमध्ये २०१ बार होतेच, ते त्याने खरंच सांगितलं. ती हवा माझ्यापर्यंत पोचतेय का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

तेव्हापासून माझे चार नियम.

एक, व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने पूर्ण उघडा आणि बडीलाही तपासायला लावा. दोन, पाण्यात जाण्याआधी गेजकडे बघत पाच-सहा खोल श्वास घ्या. नुसता ट्रान्समीटर असेल तर जास्त वेळ बघा, म्हणजे आकडा काही वेळा बदलायला संधी मिळेल. तीन, काट्याचं गेज काढून टाकू नका. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने किंवा बॅटरी संपल्याने सिग्नल गेला, तर खाली तोच सोबती. तोही नसेल तर बडीला खूण करा आणि डाइव्ह संपवून सावकाश वर या. चार, ट्रान्समीटरला मूठ समजून रेग्युलेटर उचलू नका आणि दुसऱ्यालाही उचलू देऊ नका. तो तिथेच तुटतो.

आमच्या गावची कथा तुम्हाला ठाऊक आहे. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आली. पण ती तुकोबांची गाथा होती. आपण साधी माणसं, आपल्याला वर यायला हवा लागते, आणि ती मोजून, तपासूनच न्यावी लागते.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी या सुट्टीत मालवणला निघालं असेल, तर हा भाग त्याला आधी पाठवा. फोटो नंतर मागा. चला, भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!