ओळख असणे आणि ओळख पटणे



आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने संगणकाच्या पहाऱ्याविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाच्या मुळाशी एक शब्द आहे आणि तो आपला आहे : ओळख. मराठीत त्याचे दोन अर्थ नांदतात. ‘साहेबांशी ओळख आहे’ म्हणजे घसट आहे. आणि ‘ओळख पटली’ म्हणजे खातरजमा झाली. आपल्या समाजात पहिल्या अर्थाने पुष्कळ कामे होतात. सर्व्हर, म्हणजे अनेकांना माहिती पुरविणारा मध्यवर्ती संगणक, त्याच्या दाराशी मात्र दुसराच अर्थ चालावयास हवा.

लोंढा हे जंक्शनचे गाव. येथील रेल्वेच्या घरांतून आलेल्यांना टोकनचा गोळा समजावून सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. एकेरी मार्गावर नीलच्या गोळ्याच्या पद्धतीत लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. पुढच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्यावाचून इकडच्या यंत्रातून गोळा निघत नसे. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी एकाही यंत्रातून दुसरा निघत नसे. ड्रायव्हर वीस वर्षांच्या परिचयाचा असो, गोळा हाती आल्यावाचून त्याने गाडी पुढे न्यावयाची नाही. यात त्याचा अपमान आहे असे कोणी मानले नाही.

संगणकात असा गोळा म्हणजे परवलीचा शब्द, मोबाइलवर येणारा एकदाच चालणारा आकडा, किंवा एका यंत्राने दुसऱ्यास दाखवावयाचे प्रमाणपत्र. तो मागण्याची तजवीज मात्र कोणीतरी करावी लागते. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या प्रणालीवरील हजारो माहितीसाठे परक्यांनी पुसून टाकले व खंडणी मागितली. कुलूप फोडावे लागलेच नाही. दार इंटरनेटवर उघडे होते आणि ‘कोण?’ असे विचारण्याची सोय चालूच केलेली नव्हती.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले; १३ तारखेस हाँगकाँगमधील एका खात्यात रक्कम वळविली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ‘या कार्डास पैसे द्यावे काय?’ हा एटीएमचा प्रश्न बँकेच्या खऱ्या संगणकापर्यंत पोहोचलाच नाही; मध्ये बसविलेल्या खोट्या यंत्रणेने ‘द्यावे’ असे परस्पर उत्तर दिले. सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्या इतिहासास ठाऊक आहे. येथे तोतया दाराशी आला नाही, तो द्वारपाल होऊन बसला! म्हणून विचारणारा कोण, एवढेच तपासून भागत नाही. उत्तर देणारा कोण, हेही तपासावे लागते.

आपल्यांपैकी कित्येकजण पतसंस्थांच्या, दूधसंस्थांच्या कारभारात असतील. अशा ठिकाणी एकच परवलीचा शब्द चौघांत चालतो, टेबलाच्या काचेखाली लिहिलेला असतो; कारण सगळे ‘आपलेच’. मग ठेवीदाराच्या खात्यास कोणी हात लावला हे संगणकाच्या नोंदीवरून कळत नाही, आणि एखाद्या निरपराध कारकुनावर बालंट येते. प्रत्येकाचे नाव व परवल स्वतंत्र असावी, ती त्याच्या कामापुरतेच दार उघडणारी असावी. सर्व्हरचे दार सरसकट इंटरनेटवर न ठेवता संस्थेच्या अंतर्गत जाळ्यापुरते ठेवावे. कोणी निवृत्त झाला, तर त्याच दिवशी त्याचे नाव यादीतून काढावे. हारतुरे संध्याकाळी अवश्य द्यावेत.