कुत्रा का चावतो?
(पंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर एका पशुवैद्यकाने केलेले भाषण)



कुणाला कुत्रा चावला की गावात पहिला प्रश्न निघतो तो "कुत्रा पिसाळलेला होता काय?" हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबणे जिवावर बेतते.

पुष्कळ चावे निरोगी आणि ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत मेंढ्यांच्या तळाजवळून रात्री जाणाऱ्यावर कुत्रे धावून येते. त्यास आपण उग्र म्हणतो, मेंढपाळ गुणी म्हणतो! पिल्ले जवळ असलेली कुत्री, खात असलेले किंवा दुखणाईत कुत्रे, दिवसभर साखळीला जखडलेले कुत्रे, ही सर्व भीतीपोटी वा रक्षणासाठी चावतात. चावण्यापूर्वी बहुधा ते सूचनाही देते. अंग ताठते, नजर रोखली जाते, ओठ वर जातो, गुरगुर सुरू होते. शेपूट हलते म्हणजे कुत्रे प्रेमात आहे, असे समजू नये. ताठ उभारलेली शेपूट हलत असेल तर मुलांनी दूरच राहावे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास मारणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते, चावणे सोडत नाही. पुढे ते सूचना न देताच चावते.

पिसाळलेल्या जनावराचे वर्तन निराळे असते. ते अकारण चावते, आवाज बदलतो, लाळ गळते. मात्र ते पाण्याला भिते हा समज खरा नव्हे. जलसंत्रास हे रोगी माणसाचे लक्षण होय. रोगाचा मुका प्रकार अधिक फसवा. कुत्रे कोपऱ्यात निपचित पडते, जबडा लोंबतो आणि हाड अडकले असावे म्हणून घरधनी तोंडात हात घालतो. म्हशीच्या बाबतीतही हेच घडते. ती वैरण सोडते, लाळ गाळते, घोगरे ओरडते. गोठ्यातला माणूस घसा चाचपतो आणि हाताच्या बारीकशा ओरखड्यातून विषाणू शरीरात शिरतो. पुढे म्हैस मरते आणि तिचे उकळलेले दूध प्यालेला सारा गाव दवाखान्यापुढे रांग लावतो. उकळलेल्या दुधाने हा रोग होत नाही; रांगेत पहिला हवा तो हात घालणारा.

जखमेवर चुना, मिरचीपूड वा तेल लावण्याची चाल अद्याप गेलेली नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हाच पहिला उपचार. त्यानंतर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. पोटातील चौदा सुयांच्या धास्तीने आजही काहीजण टाळाटाळ करतात. १९११ साली कसौली येथे तयार झालेल्या त्या जुन्या लसीचा वापर आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाला. आता ठरलेल्या दिवशी चार किंवा पाच वेळा दंडावर लस देतात. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. कुत्रे बांधून दहा दिवस पाहावे, परंतु लस सुरू करून मगच. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

शिक्षकांना एक विशेष विनंती आहे. चावा घेतल्याचे मूल घरी सांगत नाही, कारण कुत्र्याची खोडी काढल्याबद्दल मार बसेल असे त्यास वाटते. उंची कमी असल्याने त्याच्या तोंडावर व मानेवर चावे येतात आणि तेथून मेंदू जवळ असतो. शाळेत विचारताना खोडीचा उल्लेख करू नये, जखम कुठे आहे एवढेच विचारावे.

कराड, वाळवा, पलूस या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात टोळ्यांच्या कोप्या पडतात. तेथील मुलास चावा झाला तर पहिली मात्रा मिळते. पुढच्या मात्रेपर्यंत टोळी दुसऱ्या फडाकडे गेलेली असते. लसीची नोंद असलेला कागद दाखवून पुढील मात्रा कोणत्याही शासकीय दवाखान्यात मिळते, हे मुकादमास सांगून ठेवावे.

कुत्री मारून प्रश्न सुटत नाही. जागा मोकळी झाली की नवी, लस न टोचलेली येतात. गावातील किमान सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. आपल्या शेजारच्या गोव्यात सातत्याने हे काम झाले आणि २०१७ नंतर कित्येक वर्षे तेथे या रोगाने माणूस दगावला नाही. मटणाच्या दुकानामागील उकिरडा हलविणे, पाळीव कुत्र्यांची नोंद ठेवणे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून लसीकरणाचा दिवस ठरविणे, ही कामे ग्रामपंचायतीची आहेत. दिवस ठरविताना मेंढपाळांचे तळ गावालगत असतील तेव्हाचा ठरवावा. एरवी त्यांची कुत्री वगळली जातात.