पांडुरंग सांगवीकरची पर्सनॅलिटी टेस्ट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



वक्तृत्व स्पर्धेत नाव घातलं की मला हमखास ताप यायचा. आज मी आपण होऊन माईकसमोर आले, म्हणून मराठीच्या सरांना हसू आवरत नाहीये. सर, भाषण पाठ केलेलं नाही, कागद हातात आहे.

गेली वीसेक वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे अधूनमधून सगळ्या टीमला पर्सनॅलिटी टेस्ट द्यावी लागते. अनोळखी लोकांत तुम्ही खुलता का, आधी ठरवून काम करता का, असले प्रश्न. शेवटी चार अक्षरं हातात पडतात. अंतर्मुख की बहिर्मुख, विचारी की भावनाप्रधान, अशा चार जोड्या, त्यांचे सोळा खाने. कार्ल युंग यांच्या 1921 च्या पुस्तकाचा आधार घेऊन अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स यांनी ही पद्धत बेतली. दोघींकडेही मानसशास्त्राची पदवी नव्हती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या आज्याही पदवीशिवायच माणूस ओळखायच्या, फक्त त्याचा अहवाल देत नव्हत्या.

लॉकडाऊनमध्ये 'कोसला' पुन्हा वाचायला घेतली. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. मी अकरावीनंतर वाचली होती, ती निम्मीच कळली होती. या वेळी एक चाळा केला. पांडुरंग सांगवीकरच्या वतीने ती टेस्ट भरली.

आधी भरली ती पुण्यात नव्याने आलेल्या पांडुरंगची. खानदेशातल्या खेड्यातला हा मुलगा होस्टेलवर राहतो, कॉलेजच्या उद्योगांत पुढे पुढे करतो, पैशाचा हात सैल. सरळ बहिर्मुख! मग पुढची पानं वाचून पुन्हा भरली. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं गेलेली, परीक्षेचं मातेरं, वडिलांशी जमत नाही, शेवटी गावाकडे परत. आता दुसरीच अक्षरं आली. एकाच इनपुटला दोन उत्तरं आली की आम्ही प्रोग्रॅम फेल धरतो. पण इनपुट एकच होतं का? मनी असलेला पांडुरंग आणि मनी नसलेला पांडुरंग, यांना एकाच खान्यात कसं बसवणार? हल्लीचे अभ्यासकही खाने सोडून कमी-जास्त दाखवणारी पट्टी वापरतात. पट्टी बरी, पण तीही त्या दिवशीचंच माप घेते.

हे तुम्हाला का सांगतेय? 30 सप्टेंबर 1993. आपण आठवीत होतो. विसर्जन करून झोपलेलो, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. सास्तूर, लोहारा, उमरगा, पलीकडे किल्लारी. पुढचं तुम्हाला सांगायला नको. शाळा पुन्हा भरली तेव्हा आपल्या वर्गातली एक मुलगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्याआधी सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा. तिच्या घरातलं कोण गेलं हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी महिना-दोन महिन्यांत आपण तिला घुमी म्हणायला लागलो, आणि दहावीपर्यंत ती जन्मापासूनच तशी असल्यासारखं वागलो.

निरोप समारंभातले फिशपाँड आठवतात? तिच्या नावाची चिठ्ठी निघाली, 'मौनीबाबा'. सगळा वर्ग हसला. तीही हसली, थोडी उशिरा.

काल रात्री पंगतीत वाढायला तीच पुढे होती. पोळी घे म्हणून मला दटावत होती, सगळ्यांची चौकशी करत होती. जेवणं झाल्यावर अंगणात मी तिला त्या चिठ्ठीचं विचारलं. तिला काही आठवत नव्हतं, निदान ती तसं म्हणाली.

फिशपाँडवर नाव लिहायचं नसतं, म्हणून आज सांगते. ती चिठ्ठी मी लिहिली होती.